रंगूनवाल्याची हद्द

अकरावीच्या इतिहासाच्या पुस्तकात एका धड्याखाली प्रश्न होता: दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला आक्रमक राष्ट्रांना भराभर यश का मिळत गेले? आमचे इतिहासाचे सर त्याचं उत्तर पाच मुद्द्यांत लिहून देत. आक्रमकांची आधीपासूनची तयारी, अचानक हल्ला, वेगवान युद्धतंत्र, दोस्त राष्ट्रांमधली फूट आणि त्यांचं अनुनयाचं धोरण. पाठ करायचं, पेपरात उतरवायचं आणि विसरायचं. सगळ्या वर्गाला ते जमलं. मला जमेना, कारण माझे वडील लढाईत रंगूनहून चालत आलेले होते आणि आमच्या घरी हा प्रश्न रोज संध्याकाळी ओटीवर येऊन बसायचा.

शिरगावात बाबांना सगळे रंगूनवाले म्हणत. तरुणपणी ते तिकडे एका भाताच्या गिरणीत कारकून होते. परत आल्यावर त्यांनी नोकरी अशी केलीच नाही, वडिलोपार्जित वाडी पाहिली. नारळ, केळी, थोडी पानवेल आणि आईने तिच्या हिकमतीवर लावलेला मोगरा. पण वाडीतून हातपाय धुऊन ओटीवर आले की बाबा पुन्हा रंगूनला जायचे. ट्रान्झिस्टर खरखरत असायचा, मागे समुद्राची गाज, स्वयंपाकघरात आई तांदळाच्या भाकऱ्या थापत असायची त्याचा थप थप आवाज, आणि बाबा कोणाला तरी सांगत असायचे. ऐकणारा कोणीही चाले. सातपाटीहून बोंबील घेऊन येणारी बाई पाटी उतरवून घोटभर पाणी प्यायला बसली, तरी तिलाही ते सिंगापूरला घेऊन जायचे. ती बिचारी "हो काय, बाबा" म्हणत आईकडे बघायची.

"जपानी सायगॉनला आले तेव्हा आमचा साहेब म्हणाला, मलायात येणार नाहीत," बाबा सांगत. "मलायात आले. मग म्हणाला, पुढे सिंगापूर आहे, तिथे एवढाल्या तोफा आहेत. जपानी आले सायकलींवर बसून, रबराच्या मळ्यांमधून. तोफा समुद्राकडे बघत राहिल्या. रंगूनवर पहिल्यांदा विमानं आली ना, तेव्हा आम्ही पळालो नाही. रस्त्यावर येऊन, कपाळावर हात धरून मोजत होतो किती आहेत ते. कोणाला वाटलंच नाही की ती आपल्यासाठी आलीत." मग जर्मनी. आधी ऱ्हाईनच्या काठी सैन्य घातलं, कोणी बोललं नाही. ऑस्ट्रिया घेतला, कोणी बोललं नाही. झेकांचा डोंगराळ मुलूख मागितला तेव्हा तिथला हुकूमशहा म्हणाला, ही माझी शेवटची मागणी. "आणि हे इंग्लंड-फ्रान्सचे दीडशहाणे विमानात बसून गेले आणि दुसऱ्याचा मुलूख सही करून देऊन आले," असं म्हणून बाबा मांडीवर हात आपटत. मला ते सगळं तोंडपाठ होतं, सरांच्या पाच मुद्द्यांपेक्षा पक्कं. आज मागे वळून बघते तेव्हा वाटतं, माझ्या बाबांइतकं हे कळलेला माणूस त्या किनाऱ्यावर दुसरा नसेल. म्हणूनच पुढे जे झालं त्याचा मला अजूनही वैताग येतो.

आमच्या वाडीला लागून उत्तरेला अण्णाकाकांची वाडी. अण्णाकाका म्हणजे बाबांचे चुलतभाऊ, वयाने सात-आठ वर्षांनी मोठे. त्यांच्या पलीकडे काशीकाकूंचा तुकडा. काशीकाकू विधवा, मूलबाळ नाही, अळू, मिरच्या आणि अबोली लावून स्वतःपुरतं भागवायच्या. तीनही वाड्यांना मिळून मागच्या टोकाला एक सामाईक विहीर होती. गोड पाण्याची, उन्हाळ्यातही न आटणारी. वाड्यांच्या मध्ये भिंती नव्हत्या. एरंडाची झाडं ओळीने लावलेली, तीच हद्द.

अण्णाकाका वाईट माणूस होते असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. माझ्या जन्माच्या वेळी आई अडली होती, तेव्हा त्यांनीच बैलगाडी जुंपून तिला पालघरला नेलं होतं. हिवाळ्यात ते उकडहंडी लावायचे, मडक्यात शेंगा, कंद, वांगी भरून वर पाला आणि भोवती जाळ, आणि पहिलं ताट आमच्या घरी यायचं. मोठ्याने हसायचे, कोणाच्याही घरात सरळ स्वयंपाकघरापर्यंत यायचे. फक्त त्यांना जागा पुरत नसे. तेव्हा तारापूरला अणुकेंद्र उभं राहत होतं, बोईसरकडे कारखाने येणार अशी बोलणी चालली होती, बाहेरची माणसं येऊ लागली होती आणि भाजीला गिऱ्हाईक वाढलं होतं. अण्णाकाकांनी म्हशी वाढवल्या, वांग्याचे वाफे वाढवले, आणि एक दिवस काशीकाकूंच्या बाजूचे एरंड दोन हात पुढे सरकले.

काशीकाकू आमच्या ओटीवर आल्या तो दिवस मला आठवतो. आईने केळफुलाची भाजी निवडायला घेतली होती आणि काकू बोलता बोलता त्यातली फुलं सोलू लागल्या, हात रिकामा ठेवायची सवयच नव्हती त्यांना.

"जनाभाऊ, तुमी नुसते माझ्यासंगती चला," त्या म्हणाल्या. "बोलायचं मी बोलेन. तुमी बाजूला उबे राहा. तुमाला बघून तो थांबेल."

बाबांनी त्यांना गवती चहा पाजला. तासभर समजावलं. अण्णा मनाने वाईट नाही, घाईचा आहे, म्हशींना जागा कमी पडते, दोन हातांनी तुमचं काय जातं, एवढं सोडलंत तर तो शांत होईल आणि शेजारही राहील. काकू ऐकत होत्या. शेवटी पदराला हात पुसून उठल्या. "बरं," एवढंच म्हणाल्या. त्या गेल्यावर आईने विचारलं, "अहो, नुसतं उबं राहायला काय जात होतं?" बाबांनी ट्रान्झिस्टरचा कान पिळला.

पुढच्या पावसाआधी दोन हातांचे सहा हात झाले. अबोलीची रोपं अण्णाकाकांच्या वाफ्यात गेली आणि काकू भांडी बांधून केळव्याला भावाकडे निघून गेल्या. जाताना आमच्याकडे आल्या नाहीत. आईने मला सांगून पाठवलं म्हणून मी एसटीपर्यंत गेले. काकूंनी माझ्या वेणीत त्यांच्याकडची उरलेली अबोली माळली आणि खिडकीशी जाऊन बसल्या.

मग आमची पाळी आली. अण्णाकाकांनी शेणाचा उकिरडा एरंडाच्या अलीकडे, आमच्या बाजूला केला. बाबा म्हणाले, खतच आहे, आपल्याच मातीत जाईल. महिन्याभराने उकिरड्याभोवती चार खांब आले, खांबांवर झावळ्या आल्या आणि त्याखाली दोन म्हशी आल्या. त्या दिवशी अण्णाकाका स्वतः ओटीवर आले, परसातले पेरू घेऊन. "जना, राग धरू नको हां," ते म्हणाले. "म्हशी भिजत होत्या. पण यापुडं नाय. यापुडं एक इंच पण नाय." बाबा हसले. आईने चहाचा कप जरा जोरात ठेवला. मी आतल्या दारात उभी होते, आणि हे वाक्य मी बाबांच्याच तोंडून शंभर वेळा ऐकलं होतं. ते गेल्यावर मी म्हटलं, "बाबा, शेवटची मागणी." बाबांना कळलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "घरातल्या गोष्टी वेगळ्या असतात, सुमे."

या वाक्याने माझी निम्मी तरुणाई खाल्ली. घरातल्या गोष्टी वेगळ्या, गावातल्या वेगळ्या, देशाच्या वेगळ्या. माझा नातू हल्ली बोईसरला नोकरी करतो. मध्यंतरी तो मोबाईलवर कुठल्याशा लढाईचा नकाशा दाखवत होता, लाल रंग रोज थोडा पुढे सरकलेला. "आजी, आता इथे थांबतील ते," तो म्हणाला. मी म्हटलं, "बंद कर ते आणि जेवायला बस." त्याला वाटलं मला कळलं नाही.

अकरावीची परीक्षा तोंडावर आली होती तेव्हाची गोष्ट. सकाळी आई कळशी घेऊन विहिरीवर गेली आणि रिकामी कळशी घेऊन परत आली. विहिरीकडे जायची पायवाट हद्दीला लागून, आमच्या बाजूने होती. आमचे आजोबाही त्याच वाटेने पाणी आणायचे. अण्णाकाकांनी पहाटे माणसं लावून त्या वाटेच्या अलीकडे काटेरी कुंपण घातलं होतं. त्यांना वाडीत मागपर्यंत गाडी न्यायला रस्ता हवा होता. पायवाट त्यांच्या आत गेली आणि विहीरही.

आईने कळशी बाबांच्या पुढ्यात ठेवली. बाबा पेपर वाचत होते. उठून बघून आले, बराच वेळ डोकं खाजवत उभे राहिले आणि मग म्हणाले, "मी एक अर्ज लिहितो. कडक भाषेत." त्यांनी खरोखर कागद घेतला, समास आखला, वर तारीख घातली आणि पेनाचं टोपण चावत बसले. बाहेरून म्हशीच्या रवंथाचा आवाज येत होता. आमच्याच जागेत उभ्या असलेल्या म्हशीच्या.

मला काय झालं ते मला आजही सांगता येणार नाही. मी कधी बाबांना उलटून बोलले नव्हते. मी त्यांच्यासमोर उभी राहिले आणि सरांचे पाच मुद्दे म्हणायला लागले. पहिला, आधीपासूनची तयारी: कुंपणाचे खांब चार महिने आधी आणून ठेवले होते, तुम्ही पाहिले होते. दुसरा, अचानक हल्ला: पहाटे, आपण झोपलेले असताना. तिसरा, वेग: उजाडायच्या आत कुंपण पुरं. चौथा, फूट: काशीकाकू आल्या तेव्हा तुम्ही त्यांना चहा पाजून परत पाठवलंत. आणि पाचवा, अनुनय. "पाचवं तुमी हायत, बाबा," मी म्हटलं. "तुमाला सगळं कळतं. मलायातलं कळतं, झेकांचं कळतं. आपल्या विहिरीचं कसं नाय कळत?"

मला वाटलं ते मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि कागदाकडे बघत बोलू लागले. रंगूनची गोष्ट आम्ही इतक्यांदा ऐकली होती, पण ही त्यात कधी आली नव्हती.

सिंगापूर पडल्यावर बाबा रंगूनहून प्रोम गावावरून आराकानच्या डोंगरांतून चालत निघाले, तेव्हा त्यांच्याबरोबर सातपाटीचा शिवराम होता. बंदरात होडीवर काम करायचा. दोघं एकाच भागातले म्हणून एकत्र. डोंगरात पाणी नव्हतं, पटकी पसरली होती. एका वळणावर एक झरा होता आणि तो पाच जणांनी अडवला होता. आपलेच लोक, आपल्यासारखेच पळून निघालेले. काठ्या घेऊन बसले होते आणि अंगावरचं काहीतरी दिल्याशिवाय कोणाला पिऊ देत नव्हते. "ते पाच होते," बाबा म्हणाले. "आम्ही शंभर तरी असू. बायका, म्हातारे धरून शंभर. सगळे बसलो होतो. प्रत्येकाला वाटत होतं, यांचं पोट भरलं की जातील. शिवराम उठला. म्हणाला, चला रे, पाणी कोणाच्या बापाचं नाय. मागे वळून त्याने माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघितलं." शिवरामला त्यांनी इतकं मारलं की त्याला धड चालता येईना. बाबांनी दोन दिवस त्याला खांद्याला धरून चालवलं. तिसऱ्या दिवशी सकाळी तो उठला नाही.

"त्यानंतर कोणी समोर उभं राहिलं की माझे पाय गार पडतात," बाबा म्हणाले. "अण्णा तर हसतोय, तरी पडतात. काय करू मी?"

बाबा सातपाटीला कधीच का जात नसत, हे मला तेव्हा समजलं. इतक्या जवळचं गाव, पण कोणाच्या लग्नालाही नाही, तिकडची गोष्ट निघाली की काहीतरी काम निघायचं. मला रडू आलं. पण खरं सांगायचं तर त्या रडण्यातही वैताग होताच. इतकी वर्षं सगळ्या जगाच्या चुका मोजल्या आणि आपली एक तेवढी खाली दाबून ठेवली. आणि अशा माणसाचं करायचं काय? रागवायचं की जवळ घ्यायचं?

आईने ते ठरवून टाकलं. ती भिंतीला टेकून ऐकत होती. डोळे पुसले आणि म्हणाली, "शिवरामचं लय वाईट झालं. पण अहो, मी आता पाणी कुठून आणू ते सांगा."

बाबा उठले, खुंटीवरचा सदरा अंगात घातला आणि मला म्हणाले, "चल." मला वाटलं अण्णाकाकांकडे जायचं. पण ते गावाबाहेर एसटीच्या थांब्याकडे वळले.

केळव्याला काशीकाकू भावाच्या अंगणात सुपात तांदूळ पाखडत होत्या. आम्हाला बघून उठल्या नाहीत. बाबा अंगणाच्या कडेला उभे राहिले. बसा म्हणायची वाट बघत राहिले आणि काकूंनी म्हटलं नाही.

"मोजणीसाठी अर्ज करायचाय," बाबा शेवटी म्हणाले. "दोघांच्या नावानं. तुमची बाजू आणि माझी. तुमी सही केलीत तर दोन्ही हद्दी एकदम मोजून घेता येतील."

काकू पाखडत राहिल्या. "तुमी मला दोन हात सोडायला सांगितलंत, मी सोडले," त्या म्हणाल्या. "आता तुमच्या विहिरीवर आलं तवा काशी आटवली."

"हो," बाबा म्हणाले.

मला वाटलं ते आता काहीतरी कारण सांगतील. ते बोलण्यात पटाईत होते, अर्धा युरोप त्यांनी ओटीवर बसून सोडवला होता. पण ते एवढंच म्हणाले आणि तसेच उभे राहिले. उन्हात. काकूंनी सूप खाली ठेवलं, आत गेल्या, पाण्याचा तांब्या घेऊन आल्या आणि तो आधी माझ्या हातात दिला. मग म्हणाल्या, "सही मला येत नाय. आंगठा चालेल ना?"

मोजणी व्हायला दिवस लागले. तोवर आई आणि मी वळसा घालून खालच्या आळीतून पाणी आणत होतो, रोज सात-आठ खेपा. माझी परीक्षा तशीच झाली. तो प्रश्न आलाही होता. मी सरांचे पाच मुद्दे लिहिले, गुण चांगले पडले, आणि लिहिताना हाताला खालच्या आळीतल्या विहिरीच्या दोराचे वळ आहेत एवढंच मनात येत होतं. अण्णाकाका त्या दिवसांत आमच्याकडे आले नाहीत. गावात म्हणत फिरले की रंगूनवाला म्हातारपणी भावावर उलटला. लोक बाबांना येऊन समजावू लागले. तेच शब्द, जे बाबांनी काशीकाकूंना सांगितले होते: दोन-चार हातांनी तुमचं काय जातं, शेजार तुटेल. बाबा ते ऐकून घेत आणि आत येऊन आईला म्हणत, "मी असाच बोललो होतो का गं?" आई म्हणे, "असंच. वर चहा पण पाजलात."

मोजणीच्या दिवशी मोजणीवाले नकाशा आणि साखळी घेऊन आले. अर्धं गाव जमलं. काशीकाकू आदल्या दिवशीच आमच्याकडे राहायला आल्या होत्या. साखळीचं एक टोक धरायला माणूस हवा होता, ते बाबांनी घेतलं. अण्णाकाका कुंपणापाशी हाताची घडी घालून उभे होते आणि बाबांना साखळी ओढत थेट त्यांच्या अंगावर चालत जायचं होतं. बाबा एकेक पाऊल रोवून टाकत होते. काकू त्यांच्या बाजूने चालत होत्या, नुसत्या बाजूला. अण्णाकाकांच्या दोन पावलांवर बाबा थांबले. म्हणाले, "अण्णा, बाजूला हो. हद्द तुझ्या मागं हाय."

अण्णाकाका बाजूला झाले. भांडण नाही, शिवी नाही. काठी घेऊन कोणी धावलं नाही. ज्याची आम्ही तीन वर्षं धास्ती घेतली होती ते काहीच झालं नाही. खुंट्या ठोकल्या गेल्या, पायवाट आणि विहीर मोकळी झाली, काकूंना त्यांची जागा परत मिळाली, पण अबोली आणि अळू गेले ते गेलेच, माती म्हशींनी तुडवून दगड झाली होती. आमच्या बाजूचा गोठा बाबांनी राहू दिला. आई त्यावरून पुढे दहा वर्षं बोलत होती.

लोक पांगल्यावर अण्णाकाका बाबांपाशी आले. मी जवळच होते. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, ते खरोखर बुचकळ्यात पडलेले होते. "जना," ते म्हणाले, "पयल्याच दिवशी असा बोलला असतास तर मी काशीचे एरंड पण हलवले नसते रे. मी रोज बगत होतो, तू कधी नाय म्हणतोस ते. तू म्हटलंच नाय. मला वाटलं तुला चालतंय."

बाबांनी साखळीची गुंडाळी मोजणीवाल्यांच्या हातात दिली, तळहाताकडे एकदा बघितलं आणि घरात गेले. त्या दिवशी करंदीचं कालवण होतं, त्यांच्या आवडीचं. त्यांनी पानाला हात लावला नाही. काशीकाकूंनी आणि आईने मात्र दोनदा भात घेतला.